भिंगरीची बाजू

९ ऑक्टोबर

धाकट्या,

आशीर्वाद नंतर, आधी भांडण. रविवारी फोनवर मी वाक्य सुरू केलं की तू तोडायचास, तू सुरू केलंस की मी तोडायचे, आणि शेवटी फोन कुणी ठेवला तेही कळलं नाही. म्हणून हे पत्र. कागदावर तुला मध्ये बोलता येणार नाही. शेवटपर्यंत वाच, मग काय ओरडायचं ते ओरड.

मी तिथे होते, हे तू विसरतोयस. तुम्ही सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. मी पाहुण्यांच्या स्टँडमध्ये अगदी खालच्या रांगेत, जाळीला नाक लावून उभी होते. लग्न करून या शहरात आले तरी इथल्या मैदानावर मी आपलाच निळा मफलर घालून जाते आणि शेजाऱ्यांची बोलणी खाते. तुझे भाऊजी सगळ्यांना सांगतात, लोकांच्या बायका माहेरून भांडी आणतात, आमच्या हिने फुटबॉलचा संघ आणला.

तर ऐक. भिंगरी डावीकडून आत आला. ज्या गिरकीमुळे आपण त्याला भिंगरी म्हणतो ती गिरकी घेतली. त्यांचा तो उंच बचावपटू, ज्याला आपले लोक खांब खांब म्हणून चिडवतात, त्याने पाय पुढे घातला आणि चेंडू अलगद काढून घेतला. भिंगरी पडला. पंचाने शिट्टी मारली नाही, बरोबर केलं. खांबाने चेंडू लांब मारला आणि तोल जाऊन तोही गुडघ्यावर आला. सगळ्यांच्या माना चेंडूकडे वळल्या. माझी वळली नाही, कारण मी नेहमी भिंगरीकडेच बघत असते. तो उठला. चालत मागे आला. धावत नव्हे, चालत. खांब उठत होता, तोवर त्याने त्याच्या तोंडावर लाथ घातली, बुटाच्या टोकाने.

आवाज आला रे. तो टीव्हीवर आला नसणार.

माझ्या शेजारी उभा असलेला आपलाच माणूस ओरडला, "अजून एक घाल!" आणि मागचे सगळे हसले. मी मफलर काढून पिशवीत कोंबला. वारं सुटलं होतं तरी.

मला एवढंच हवंय की तू म्हणावंस, ताई, वाईट झालं. पुढे काही जोडू नकोस. बाबांना नमस्कार सांग.

तुझी ताई


१५ ऑक्टोबर

ताई,

नमस्कार केला असं समज. उभ्यानेच केलाय, आज वाकायची इच्छा नाही.

वाईट झालं. घे, म्हटलं. आता माझं ऐक.

आठवडाभर दुकानात ब्रश हातात धरता आलेला नाही. दातांच्या दवाखान्याची पाटी अर्धवट पडलीय, नुसतं 'दंत' झालंय. ब्रश उचलला की कुणीतरी येऊन उभं राहतं, पाहिलंस का, ऐकलंस का, आणि दुपार जाते. सगळ्यांचं म्हणणं एकच, माणूस उगाच लाथ मारत नाही. काहीतरी झालं असणार. आईवरून बोलला असेल तो. आणि टीव्हीवाल्यांचं तर काय सांगावं! तोच तुकडा, तोही हळू करून, रात्रंदिवस. इतकं हळू करून दाखवलं तर टाळी वाजवणंसुद्धा मारामारी दिसेल.

भिंगरीवर उरलेल्या हंगामाची बंदी! अख्ख्या उरलेल्या हंगामाची! गेल्या वर्षी त्यांच्या माणसाने आपल्या गोलकीपरचा गुडघा फोडला तेव्हा किती बंदी होती, आठवतं? तेव्हा कुठे गेला होता यांचा न्याय?

आता मुद्दा. आपल्या समर्थक मंडळाने अपील करायचं ठरवलंय. क्लबही करणारच आहे, पण लोकांचाही आवाज हवा. बेकरीवाला आता मंडळाचा सचिव आहे, तुला आठवत असेल, शाळेत तुझ्या पुढच्या बाकावर बसायचा. त्याने तो तुकडा इतक्या वेळा पाहिलाय की एक दिवस भट्टीतले पाव जळले. त्याला लांबच्या कॅमेऱ्यात दिसलंय की भिंगरी पडायच्या आधी खांबाचा हात त्याच्या बरगडीपाशी गेला. कोपर मारला म्हणजे. पण चित्र पुसट आहे. तिथे जवळ उभ्या असलेल्या कुणीतरी लिहून दिलं पाहिजे.

आणि मी म्हटलं, माझी ताई समोरच होती. ताई, दुकानात टाळ्या पडल्या! तू इथे नसताना तुझ्या नावाने टाळ्या. बाबांनाही सांगितलं. ते नीट जेवत नव्हते, त्या दिवशी जेवले.

अर्धं पान लिहून दे, एवढंच. कोपर पाहिला म्हणून.

तुझा धाकटा


२० ऑक्टोबर

धाकट्या,

कोपर नव्हता.

मी हे तीन-चार प्रकारे लिहून पाहिलं, तुला वाईट वाटणार नाही असं. एकही प्रकार जमला नाही. कोपर नव्हता. त्याने पाय घातला आणि चेंडू घेतला. तुझ्या-माझ्या लहानपणी बाबा अंगणात शिकवायचे, तसा स्वच्छ. आपल्या माणसाने तसा घेतला असता तर तू त्याचं चित्र रंगवलं असतंस.

मला न विचारता तू दुकानभर सांगून मोकळा झालास. आता मी नाही म्हटलं की तू खोटा पडणार आणि बाबा पुन्हा ताटावरून उठणार. म्हणजे बाबांचं जेवणसुद्धा आता माझ्या गळ्यात. हे चांगलंय तुझं.

आणि तुला वाटतं मला सोपं आहे? माझ्या कपाटाच्या दारावर आत भिंगरीचा फोटो आहे. रोज सकाळी कपाटातून कपडे काढताना तो हसतो. गेल्या आठवड्यापासून मी दार अर्धंच उघडते आणि हात घालून चाचपत साडी काढते. काल त्यामुळे भलताच ब्लाउज घालून कामावर गेले.

मला जास्त काही लिहिता येत नाही. सामन्याच्या दुसऱ्या दिवशी मला कामावर लवकर बोलावलं होतं. माझं काम काय आहे ते तुला ठाऊक आहे. याहून पुढे विचारू नकोस.

लिहून देणार नाही.

ताई


२८ ऑक्टोबर

ताई,

तुझं पत्र मी बाबांना वाचून दाखवलं नाही. मधला एक परिच्छेद दाखवला, बाबांनी अंगणात शिकवलं तो. तेवढ्यावर ते खूश झाले.

पण तुझी ती कामावर लवकर बोलावल्याची ओळ मी परत परत वाचली. तू मोठ्या इस्पितळात एक्स-रे काढतेस. तुला दुसऱ्या दिवशी लवकर बोलावलं. म्हणजे तो तुमच्याकडे होता! ताई, तू स्वतः त्याचा एक्स-रे काढलास?

मग एवढं तरी सांग. खरंच हाड मोडलंय का? कारण इथे सगळे म्हणतात की ते निव्वळ नाटक आहे. डोळ्याला पट्टी लावून फोटो काढायला काय लागतं? डोळ्यालाच इजा झाली म्हणतात, डोळा गेला म्हणतात, उद्या म्हणतील डोकंच गेलं. बेकरीवाला म्हणतो की खरं काय ते बाहेर आलं तर अपील आपण एका दिवसात जिंकू. तू तुझं नाव कुठेही येऊ देऊ नकोस. फक्त मला सांग, हो की नाही. एक अक्षर लिही.

आणि मला खरं सांग, तू अजून आपली आहेस ना? इतकी वर्षं तिथे राहून माणूस बदलतो, असं लोक म्हणतात. मी म्हणतो, माझी ताई नाही बदलणार. मला खोटं पाडू नकोस.

बाबांनी खाली स्वतः लिहिलंय.

तुझा धाकटा

पोरी, तो पोरगा चिडला, एवढंच झालं. खेळात रक्त तापतं. आपल्या माणसासाठी माणूस एवढं करतो. लिहून दे आणि विषय संपव. तब्येत सांभाळ. बाबा


११ नोव्हेंबर

धाकट्या,

एक्स-रेबद्दल पुन्हा विचारलंस तर मी तुझं पत्र उघडणारसुद्धा नाही. तू आजारी पडलास, तुझी छाती मी काढली, आणि ती कशी दिसते ते मी बेकरीत जाऊन सांगितलं, तर चालेल तुला? आमच्याकडे टेबलावर झोपलेला माणूस कुठल्या संघाचा आहे ते आम्ही बघत नाही. हलू नका, श्वास धरा, सोडा. एवढंच आमचं बोलणं. सगळ्यांशी तेच.

बाबांना सांग, पत्र मिळालं.

पण मी लिहायला बसले ते वेगळ्याच कारणाने. रविवारचा तुमच्या मैदानावरचा सामना मी टीव्हीवर पाहिला. भिंगरीशिवाय आपला संघ म्हणजे मीठ विसरलेलं जेवण. मध्यंतरात कॅमेरा उत्तरेच्या स्टँडवर गेला. तिथे एक लांबच लांब फलक होता. आडवा पडलेला खांब, त्याला एकच डोळा, त्या डोळ्यातून पाणी, आणि वर मोठ्या अक्षरांत, "खांब पडला, डोळा उडाला". हजारो लोक ते गात होते. बायका होत्या, लहान मुलं खांद्यावर होती. सगळे हसत होते.

तुझे भाऊजी आतून म्हणाले, "काय गं, गोल झाला का?" मी टीव्ही बंद केला.

धाकट्या, तुझा 'ड' मी कुठेही ओळखते. तू शाळेपासून त्याला पोट काढतोस आणि शेपटी वर उडवतोस. मास्तर त्यासाठी तुझ्या हातावर पट्टी मारायचे.

तो फलक तू रंगवलास का? मला सरळ सांग.

ताई


१८ नोव्हेंबर

ताई,

काहीतरीच काय. तसा 'ड' आता सगळेच काढतात, माझंच बघून शिकलेत. रंग माझ्या दुकानातून गेला असेल, मी कुणाला नाही म्हणत नाही. कापडही कुणीतरी दुकानाच्या अंगणातच पसरलं होतं, जागा मोठी आहे म्हणून. पण मी त्यात नव्हतो. नसल्यासारखाच होतो. आणि फलकाला एवढं काय मनावर घ्यायचं? गंमत असते ती. त्यांनी आपल्याबद्दल काय काय लिहिलंय ते तू तिथे राहून पाहिलं असशीलच.

विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगून टाकतो. आधी पाणी पी.

अपील गेलं. मुदत संपत होती. बेकरीवाला दोन दिवस दुकानात ठाण मांडून बसला होता, की तुझ्या बहिणीचं काय झालं, सगळ्यांना शब्द दिलायस. मी काय सांगणार, ती नाही म्हणते? तर आम्ही चार ओळी लिहिल्या. अगदी सौम्य. "खेळाडूंमध्ये आधी धक्काबुक्की झाल्याचे मला दिसले," इतकंच. कोपर शब्द मी मुद्दाम काढायला लावला, तुझ्यासाठी. खाली तुझं नाव आणि सही. सही मी केली. तुझी सही मला लहानपणापासून येते.

ही म्हणत होती, ताईंना विचारल्याशिवाय पाठवू नका. दोन दिवस माझ्याशी बोलत नाहीये. पण तू काळजी करू नकोस. असली पत्रं ढिगाने येतात, कुणी वाचत नाही. क्लबचे वकील आहेतच.

रागावू नकोस. तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस?

धाकटा


६ डिसेंबर

धाकट्या,

कुणी वाचत नाही म्हणालास. वाचतात.

सोमवारी आमच्या विभागाच्या मोठ्या बाईंनी मला खोलीत बोलावलं. दार लावून घेतलं. समोर तुझ्या चार ओळींची नक्कल होती. विरुद्ध बाजूच्या वकिलाने शोधून काढलं होतं की साक्ष देणारी बाई त्याच इस्पितळात काम करते जिथे त्या खेळाडूवर उपचार झाले. बाई शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही रुग्णाची तपासणी केलीत आणि त्याच्याविरुद्ध लिहून दिलंत?" मला वाटलं जमीन दुभंगावी. इतक्या वर्षांत त्यांनी माझं कधी नावसुद्धा जोरात घेतलं नव्हतं. मी म्हटलं, "बाई, हे मी लिहिलेलं नाही." त्या म्हणाल्या, "मग तिथे जाऊन तसं सांगा. नाहीतर मला पुढे कळवावं लागेल."

म्हणून रजा काढून, पहाटेची गाडी पकडून, मी सुनावणीला गेले. तुम्हाला कळवलं नाही. तुझे भाऊजी सोबत येतो म्हणाले, त्यांनाही नको म्हटलं. माझं मलाच कळत नव्हतं तिथे काय बोलेन, त्यात सोबतीला माणूस कशाला.

त्या कार्यालयाच्या बाहेर अरुंद बोळ आहे. भिंतीला बाकडी, एक पाण्याचं यंत्र, ते सारखं घुरघुरतं. मी बाकड्यावर बसले होते. दार उघडलं आणि भिंगरी बाहेर आला, सोबत वकील.

इतका लहान आहे रे तो! माझ्या खांद्याला लागेल. कोट घातला होता, तो बाह्यांना लांब होत होता. मी दहा-बारा वर्षं ज्याच्यासाठी घसा बसवला, तो पाणी प्यायला आला आणि त्याला पेला सापडेना. मी उठून काढून दिला. त्याची नजर माझ्या पिशवीकडे गेली. मफलर तीत अजून तसाच होता, टोक बाहेर आलं होतं. तो हसला. कपाटाच्या दारावर हसतो तसाच. म्हणाला, "आपल्या बाजूच्या दिसता."

मी म्हटलं, "हो. त्या दिवशी मी जाळीजवळच होते."

"मग तुम्ही पाहिलंत ना, त्याने काय केलं?"

"पाहिलं," मी म्हटलं. "त्याने चेंडू काढून घेतला."

तो माझ्याकडे बघत राहिला. चिडला नाही. मला वाटलं काहीतरी बोलेल. मनातून मी वाट बघत होते, खरं सांगते, की हा आता म्हणेल, हो, चुकलं माझं, आणि मी सगळं विसरून घरी जाईन. त्याने पेला खाली ठेवला. वकील म्हणाला, "चला," आणि तो गेला. पाणी प्यायलाच नाही.

आत मी सांगितलं, ही सही माझी नाही. त्यांनी विचारलं, मग काय पाहिलंत? जे पाहिलं ते सांगितलं. चालत आला, हेही सांगितलं. मग अध्यक्षांनी विचारलं, ही सही कुणी केली असावी, तुम्हाला काही कल्पना? मी म्हटलं, नाही.

एवढं खोटं मी तुझ्यासाठी बोलले. पुन्हा बोलणार नाही.

निकाल तू वाचला असशीलच. बंदी कायम. आता तुमच्या दुकानात माझ्या नावाने टाळ्या पडत नसतील.

ताई


२१ डिसेंबर

ताई,

हे पत्र चौथ्यांदा लिहितोय. पहिली तिन्ही तुला शिव्या घालणारी होती. फाडली.

निकालाबरोबर तुझं नावही छापून आलं. त्या दिवशी दुकानात कुणी आलं नाही, आणि ते येण्यापेक्षा वाईट होतं. संध्याकाळी बेकरीवाला आला. म्हणाला, "तुझ्या बहिणीने आपल्याला विकलं." मी म्हटलं, तिला फसवलं आपण. तो म्हणाला, आपण? सही कुणाच्या हाताची? मग त्याने काम सांगितलं. रविवारच्या सामन्याला फलक हवा. एकच शब्द, "घरभेदी", आणि खाली तुझं नाव. म्हणाला, तू रंगवलास तर लोकांना कळेल की तू कुणाच्या बाजूचा आहेस.

मी नाही म्हटलं. पण ताई, लगेच नाही म्हटलं नाही. विचार करतो म्हटलं. रात्रभर तोच विचार. सकाळी ही म्हणाली, "तो खांबाचा फलक रंगवताना विचार करावा लागला नव्हता." आणि चहा ठेवून गेली. हो, तो मीच रंगवला होता. सगळाच मी. डोळ्यातलं पाणीसुद्धा माझीच कल्पना, आणि लोक हसले तेव्हा मला बरं वाटलं होतं.

त्यांनी दुसऱ्याकडून करून घेतला. मी आणि बाबा सामन्याला गेलो. का गेलो विचारू नकोस, रविवारी दुसरं काय करतात ते आम्हाला माहीत नाही. मध्यंतरात त्यांनी तो कठड्यावरून खाली सोडला. तुझं नाव, ताई, माणसाएवढ्या अक्षरांत. आणि लोक ओरडायला लागले. तुझ्याबद्दल जे ओरडत होते ते मी लिहिणार नाही. त्यातल्या निम्म्यांनी तुला लहानपणी बाबांच्या खांद्यावर पाहिलंय.

मी उठून वर गेलो आणि दोऱ्या सोडायला लागलो. एक बाजू सुटली. मग कुणीतरी मागून कॉलर धरली. बेकरीवाल्याने थोबाडीत मारली. मी खाली पडलो, आणि कुणाची तरी लाथ बसली. फार नाही, मांडीला. पण खाली पडून वर बघताना एवढे पाय दिसतात ना, की कुठला कुठून येईल कळत नाही. मला तेव्हा तो खांब आठवला. म्हणजे त्याचं चित्र नाही, तो.

बाबा जागेवरून उठले नाहीत. नुसते बघत होते. घरी आल्यावर मला म्हणाले, "तिला सांग, चूक केलीस." मी म्हटलं, "तुम्हीच सांगा." त्यावर आत गेले.

मंडळातून मला काढलं. क्लबच्या पाट्यांचं काम गेलं. ते जाऊ दे.

सहीचं खोटं तू माझ्यासाठी बोललीस. माफ कर म्हटलं तर फार स्वस्तात सुटल्यासारखं होईल.

धाकटा


१२ जुलै

ताई,

तू डिसेंबरच्या पत्राला उत्तर दिलं नाहीस. मी असतो तर मीही दिलं नसतं. तू हिला फोन करतेस आणि माझी चौकशी करून माझ्याशी न बोलता ठेवतेस, हे मला कळतं. चालेल. मी हे पत्र लिहितोय कारण असं काही झालंय की तुला सांगितल्याशिवाय माझ्या पोटात राहणार नाही.

भिंगरी गेला! बंदी संपली आणि पंधरवड्यात दुसऱ्या क्लबने त्याला उचललं. जाताना म्हणाला, "मला मोठ्या मैदानावर खेळायचं होतं." म्हणजे आपलं छोटं.

तुला इथलं दृश्य बघायला हवं होतं. जे लोक त्याच्यासाठी अपील घेऊन पळत होते, त्यांनी चौकात त्याच्या जर्स्या जाळल्या. बेकरीवाल्याने दुकानातला त्याचा फोटो पायाखाली घेतला. "कृतघ्न!", "विकला गेला!", "माणूस म्हणून नालायक!" ताई, एका माणसाचं तोंड फोडलं तेव्हा हा माणूस म्हणून चांगला होता. क्लब बदलला तेव्हा नालायक झाला. मी दारात उभा राहून धूर बघत होतो आणि मला हसावं की भिंतीवर डोकं आपटावं ते समजेना.

पुढचं ऐक. काल बेकरीवाला आला. हातात पावाची पिशवी, चेहरा पाडलेला. म्हणाला, तुझ्या बहिणीने त्याला आधीच ओळखलं होतं, आम्हीच आंधळे. मंडळाची सभा आहे, तिला बोलवू, सत्कार करू. मी विचारलं, कशाबद्दल? तो म्हणाला, "त्या हरामखोराविरुद्ध उभी राहिली म्हणून." मी म्हटलं, ती त्याच्याविरुद्ध उभी नव्हती राहिली, जे घडलं ते तिने सांगितलं. तो म्हणाला, "तेच ते." तेच ते! मी पिशवी परत दिली. नंतर वाटलं, पाव घ्यायला हवे होते, ताजे होते.

तुझा निरोप विचारलाय त्यांनी. काय सांगू?

बाबा हल्ली कुणाशीच बोलत नाहीत. लोक भिंगरीला शिव्या देतात ते त्यांना सहन होत नाही आणि बाजू घ्यावी असंही वाटत नाही. खुर्ची फिरवून खिडकीकडे तोंड करून बसतात. मी त्यांना तुझ्याकडे पाठवू का? ते स्वतःहून विचारणार नाहीत. तूही विचारणार नाहीस. म्हणून मी विचारतोय.

तुझा धाकटा


३० ऑगस्ट

धाकट्या,

बाबा सुखरूप पोचले. शुक्रवारी दुपारी दारात उभे. हातात लहान बॅग, आणि पहिलं वाक्य, "तुमच्या इथे जिना फार उंच आहे." तीन दिवस आम्ही जिन्याबद्दल, पाण्याबद्दल आणि तुझ्या भाऊजींच्या घोरण्याबद्दल बोललो. दुसरं काही नाही.

मंडळाला सांग, सत्कार नको. आणि त्यांना हेही सांग की डिसेंबरात त्यांनी माझं नाव लिहिलं तेव्हा मी जेवढी चिडले नव्हते तेवढी आता चिडलेय. तेव्हा निदान त्यांना कळलं होतं मी काय केलं ते.

खांब परत खेळायला लागलाय, ते तू पेपरात वाचलं असशील. तोंडावर मुखवटा लावून खेळतो. इथले लोक त्याच्यासाठी उभे राहून टाळ्या वाजवतात, आणि हेच लोक पाहुण्या खेळाडूंना अशा शिव्या घालतात की कान धुवावे लागतात. मी कुठल्या स्टँडमध्ये बसावं ते मला आता समजत नाही. हल्ली घरीच बघते.

काल भिंगरीचा नव्या संघाकडून पहिला सामना होता. मी बघणार नव्हते. बाबा सकाळपासून घड्याळाकडे बघत होते आणि मी बघतेय का हे बघत होते. शेवटी मीच टीव्ही लावला, आवाज बंद करून. बाबा खुर्ची ओढून बसले. तुझे भाऊजी आमच्याकडे एकदा बघून फिरायला निघून गेले.

पहिल्या अर्ध्यात काही नाही. मग त्याला डावीकडे चेंडू मिळाला. तीच गिरकी, धाकट्या, दोन माणसं मागे पडली, आणि त्याने तो कोपऱ्यात असा ठेवला की गोलकीपर हललासुद्धा नाही. मी उभी राहिले होते. मला कळलंच नाही कधी. बाजूला पाहिलं तर बाबाही उभे होते, खुर्चीचा हात धरून.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. बाबांचे डोळे भरले होते. आनंदाने की कशाने, मला सांगता येणार नाही, माझंही तसंच होतं. टीव्हीवर तो हात पसरून पळत होता, आणि मला त्याचा इतका राग आला, की एवढं सुंदर येतं तुला, मग ते का केलंस.

बाबा हळूच खाली बसले. म्हणाले, "तो चालत आला होता ना?"

मी म्हटलं, "हो बाबा. चालत."

त्यांनी मान हलवली. मग आम्ही उरलेला सामना पाहिला.

ताई